कोरडा मंगळवार

मी वजनकाटा बोलतोय. आवाज थकलेला वाटेल, पण माझा तो कायमचाच आहे असं समजा. लोक माझ्याकडे येतात ते चेहरा पाडून, आणि जातात ते बहुतेक वेळा आणखी पाडून. वर्षानुवर्षं हेच बघायचं म्हटल्यावर लोखंडालाही शीण येतो.

मी हल्लीचा काचेचा, पायाखाली लाल आकडे चमकवणारा काटा नाही. मला उंच मान आहे, मानेवर आडवी दांडी आहे आणि दांडीवर दोन सरकती वजनं आहेत. मोठं वजन पन्नास-पन्नास पौंडांनी सरकतं, धाकटं एकेका पौंडाने. दांडी मधोमध तरंगली की आकडा लागला. ती तरंगेपर्यंत माणसं श्वास रोखून धरतात. त्याने एक गुंजसुद्धा कमी होत नाही, हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

इलिनॉयमधल्या एका कारखान्यात मला ओतलं, पांढरा रंग दिला आणि उत्तरेला मिनेसोटात, मेपल फोर्क नावाच्या गावी धाडलं. तिथे डॉक्टर एक्विस्ट यांच्या दवाखान्यात मी कोपऱ्यात उभा राहिलो. दूध पिऊन फुगलेली बाळं, लाकूडतोडे, नवऱ्या मुली, सगळ्यांना मी उचललं. तेव्हा मी तरुण होतो आणि मला वाटायचं, आपण लोकांना खरं सांगतो, म्हणजे आपण त्यांचं भलं करतो.

डॉक्टर माणूस चांगला. एका थंडीत त्यांच्याकडे चिमणीएवढी एक बाई आली. साठीच्या पुढची, पाच फुटांनाही थोडी कमीच, दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी. गुडघे दुखतात म्हणत होती. सोबत तिची थोरली मुलगी आर्डिस होती, आईचा कोट हातावर घेऊन उभी. डॉक्टरांनी माझी दांडी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिवसाला बाराशे कॅलरी खा. तुमच्या अंगाला, तुमच्या वयाला आणि तुमच्या बैठ्या कामाला एवढं पुरे."

आर्डिसने त्यातला 'बाराशे' तेवढा घरी नेला. अंग, वय आणि काम दवाखान्यातच राहिलं.

आईचे गुडघे हलके झाले हे खरं. मग आर्डिसने तो आकडा मावशीला दिला, मावशीने शेजारणीला, शेजारणीने बाळंतीण सुनेला. उंच-ठेंगणी, म्हातारी-तरुण, गोठ्यात राबणारी आणि बँकेत बसणारी, सगळ्यांना एकच आकडा. एकाच मापाचे बूट सगळ्या गावाला वाटावेत तसा.

डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद झाला. आर्डिसने मला ट्रकमध्ये आडवं टाकून ल्युथरन चर्चच्या तळघरात आणलं आणि कॉफीच्या मोठ्या भांड्यांशेजारी उभं केलं. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी बायकांचं मंडळ माझ्यापुढे रांग लावतं. अध्यक्ष अर्थात आर्डिस.

या मंडळाची एक रीत आहे. मंगळवारी वजन, म्हणून सोमवार दुपारपासून तोंड बंद. अन्न नाही आणि पाणीही नाही. 'कोरडं राहायचं' म्हणतात त्या याला. ज्यांच्या घरामागे सौना आहे, त्या मंगळवारी दुपारी त्या तापलेल्या लाकडी खोलीत बसून उरलासुरला घामही काढून येतात. मग ओठ पांढरे पडलेले, डोकं ठणकतंय, अशा अवस्थेत बूट काढायचे, पट्टा काढायचा, कानातलं काढायचं आणि माझ्यावर चढायचं. आर्डिसची मैत्रीण कॉर्लिस तर ऐकू येण्यासाठी कानात घालायची यंत्रंही काढून ठेवते.

"एकशे अठ्ठ्याऐंशी!" आर्डिस जाहीर करते.

"काय?"

"अठ्ठ्याऐंशी, कॉर्लिस! दीड पौंड कमी!"

"मग टाळ्या कुठायत, मेल्यांनो? की त्याही मला ऐकू येत नाहीयेत?"

टाळ्या होतात. शेवटची बाई उतरली की भट्टीतल्या हॉटडिशवरचं झाकण निघतं. खिमा, बटाटे, वर चीज. मागून सफरचंदाचा केक. आणि दीड दिवसाची तहान भागवायला कॉफीची पिंपं. बुधवारी सकाळपर्यंत गेलेले सगळे पौंड सुखरूप घरी परत येतात. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. पण बुधवारी कुणी वजन करत नाही.

याला माझी हरकत नव्हती. म्हाताऱ्या बायका होत्या, आठवड्यातून एकदा जमायच्या, हसायच्या. मी मुकाट्याने दांडी तरंगवायचो. मोठ्यांचे खेळ मोठ्यांपुरते राहिले असते, तर हे सांगायची वेळच आली नसती.

पण मग डुएनची किडनी गेली.

डुएन आर्डिसचा धाकटा भाऊ. तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिनेच कडेवर खेळवलेला. आता आठवड्यातून तीनदा तो शहरातल्या डायलिसिसच्या यंत्राला जोडून बसतो आणि संध्याकाळी पिळून वाळत टाकलेल्या सदऱ्यासारखा घरी येतो. अनोळखी माणसाची किडनी मिळायची, तर नावनोंदणीची रांग कित्येक वर्षांची. आर्डिस स्वतःची द्यायला धावली, पण तिला मधुमेह. डुएनच्या बायकोचं जुळलं नाही. जुळलं ते त्यांच्या मुलीचं, ब्रिटाचं.

ब्रिटा चोवीस वर्षांची. गावात टपाल वाटते, गाडी कोपऱ्यावर ठेवून पायी. पाच फूट दहा इंच उंच, बाजारातलं ओझं एका हाताने उचलणारी. रुग्णालयाने सांगितलं, मुलगी धडधाकट आहे, पण शस्त्रक्रियेसाठी वजन जास्त आहे. दोनशे पंधराच्या आत आली की पुढचं बोलू.

म्हणून एका मंगळवारी आत्या तिला हाताला धरून माझ्यापुढे घेऊन आली.

"दोनशे अडतीस," आर्डिस म्हणाली. "तेवीस पौंड. हा काही डोंगर नाही. बाराशे कॅलरी. सकाळी एक अंडं, दुपारी सूप, रात्री मासा. मधे काही नाही."

"आत्या, मी दिवसभर चालते. खांद्यावर पिशवी, खाली बर्फ."

"मग तर आणखी लवकर उतरेल."

पोरीने मान डोलावली. समोर बापाचा जीव होता.

माझ्या पाठीला उंची मोजायची एक पट्टी आहे, वर ओढून डोक्याला टेकवायची. दवाखाना सुटल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ती गंजून बसली होती. त्या संध्याकाळीही तिला कुणी विचारलं नाही.

पहिले काही आठवडे आकडा भराभर उतरला. आर्डिस पोरीची पाठ थोपटायची आणि म्हणायची, "बघा, आमच्या घरातलं रक्त आहे." मी मात्र पोरीचे पाय बघत होतो. माझ्यावर चढताना ते थरथरायला लागले होते. एकदा ती माझी मान धरून उभी राहिली, आणि आर्डिस ओरडली, "हात सोड, आकडा चुकतो!"

मग आकडा थांबला. एका आठवड्यात तर वर गेला. टाळ्या झाल्या नाहीत. बायका कॉफीकडे वळल्यावर ब्रिटा कॉर्लिसजवळ जाऊन हळूच म्हणाली, "काकू, गुरुवारी मी टपालाच्या गाडीत बसून डोनटचा अख्खा खोका संपवला. हात थांबतच नव्हते. मग रडले. मग रिकामा खोका कुणाला दिसू नये म्हणून पिशवीत लपवला."

"यंत्र नाहीये गं कानात," कॉर्लिस म्हणाली. पण पोरीचा हात तिने धरून ठेवला.

खरं सांगू? अशा वेळी मला माझ्या जातीची लाज वाटते. मी वजन सांगतो. भूक सांगत नाही, चक्कर सांगत नाही, चोरून खाल्लेल्या घासावर पडलेलं डोळ्यांतलं पाणी सांगत नाही. आणि माणसं मात्र माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या चांगुलपणाचा दाखला देतोय.

रुग्णालयाची तारीख आली तेव्हा ब्रिटा दोनशे वीसवर होती. पाच पौंड जास्त. आर्डिसला उपाय माहीतच होता. जो आयुष्यभर केला, तोच.

"दोन दिवस कोरडी राहा," ती म्हणाली. "माझ्याकडे सौनात बस. बुधवारी सकाळी तिथल्या काट्यावर चढ आणि मग हवं तेवढं पाणी पी."

"आत्या, पण तिथे रक्तही तपासणार आहेत."

"रक्ताचं काय? त्यांना वजन हवंय, वजन देऊ. डुएनचा चेहरा बघितलास ना तू?"

ब्रिटाने बघितला होता.

पुढे काय झालं ते मला कळलं ते पुढच्या मंगळवारी. मंडळ जमलेलं होतं. जिन्यावर जड पावलं वाजली आणि डुएन खाली आला. चर्चच्या तळघरात उतरायला त्याला दोनदा थांबावं लागलं. मागे ब्रिटा होती, लालबुंद.

"काय म्हणाले?" आर्डिसने विचारलं. "दोनशे पंधराच्या आत भरली ना?"

"दोनशे चौदा," ब्रिटा म्हणाली. "नर्स खूश झाली. मग रक्त घेताना मी खुर्चीवरून खाली कोसळले. लघवीचा रंग चहासारखा. किडनीचे आकडे बिघडलेले. डॉक्टर म्हणाले, ज्या पोरीच्या किडनीला स्वतःला पाणी मिळत नाहीये, तिची किडनी आम्ही काढून दुसऱ्याला कशी द्यायची? सगळ्या तपासण्या पुन्हा. काही महिन्यांनी. तोवर नाही."



डुएन खुर्चीत बसला, धाप टाकत. "मला तुझी किडनी नको, पोरी," तो म्हणाला. "माझ्यासाठी तू अशी वाळायची असशील, तर मी त्या यंत्रावरच बरा."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय हवं ते मी विचारलेलं नाही." आणि मग ती आत्याकडे वळली. "आणि तू! तुम्ही सगळ्या तीस वर्षं या काट्यावर चढताय-उतरताय. बारीक कोण झालंय? दाखवा मला एक!"

"आम्ही तुझ्या भल्यासाठी..."

"माझी उंची किती आहे, आत्या? सांग ना. माझी उंची कधी विचारलीस?"

आर्डिसने माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर दांडीवर असेल.

ब्रिटा माझ्यामागे आली. गंजलेली पट्टी तिने दोन्ही हातांनी धरली आणि खस्सकन वर ओढली. गंज खाली सांडला. मला दुखलं, पण इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. ती माझ्यावर उभी राहिली, पट्टी डोक्याला टेकवली.

"पाच फूट दहा. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यात आधी हेच विचारलं. मग वय, मग वजन, मग दिवसभर काय काम करतेस. त्यावरून शरीर रोज किती जाळतं ते काढलं. माझं साधारण एकोणतीसशे. त्यातला पाव भाग तेवढा कमी करायचा. बावीसशे. आठवड्याला एक-दीड पौंड उतरेल. वजन उतरलं की हिशेब पुन्हा मांडायचा. आणि पाणी प्यायचं, आत्या. पाणी!"

"बावीसशे?" आर्डिस भानावर आली. "ते दोन बायकांचं खाणं आहे!"

"मग मी दोन बायकांएवढी आहे!"

कॉर्लिसने घाईघाईने दोन्ही कानांत यंत्रं घातली. "मग माझा आकडा किती?" तिने विचारलं.

"ते तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, काकू. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. हेच तर मी सांगतेय, प्रत्येकीचा वेगळा असतो."

"हेच वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर," कॉर्लिस म्हणाली आणि सगळ्यांसमोर, वजन व्हायच्या आधी, पेलाभर पाणी प्यायली. घटाघटा. आर्डिस तिच्याकडे असं बघत होती, जणू तिने प्रार्थना चालू असताना शिट्टी वाजवली.

त्यानंतर आत्या आणि भाचीचं बोलणं तुटलं. ब्रिटा यायची ती बुधवारी दुपारी, टपाल वाटून झाल्यावर. माझ्याकडे एक नजर टाकायची. पिशवीतून डबा काढायची. राय धान्याचा काळा पाव, टर्कीचे काप, सफरचंद, मूठभर बदाम. आधी जेवायची, मग माझ्यावर चढायची. आकडा रुसला तरी रडायची नाही. "दे रे, जे काय असेल ते दे," मला म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याशी असं बोललं.

पण वाट पाहणं सोपं नव्हतं. बर्फ वितळायला लागलं तरी ती दोनशे एकोणीसवरच होती. त्याच सुमारास डुएनच्या दंडातली नस डायलिसिसच्या सुईपाशी बंद पडली. त्याला तीन दिवस रुग्णालयात ठेवलं. तो बुधवार मला आठवतो. ब्रिटा जेवत होती आणि स्वयंपाकघराच्या दारात आर्डिस येऊन उभी राहिली.

"खा," आर्डिस म्हणाली. "खा निवांत. माझा भाऊ तुझ्या बावीसशेची वाट बघत बसेल."

ब्रिटाचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ही डबा फेकून देणार. आता ही पुन्हा कोरडी राहणार.

"तो माझा बाप आहे, आत्या," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, मला हा घास गोड लागतोय? मला उपाशी राहणं सोपं आहे. उपाशी राहिले की काहीतरी करतेय असं वाटतं. पण त्याच उपासापायी मला रुग्णालयाच्या दारातून परत पाठवलं. आता मी खाणार. रडत रडत खाणार, पण खाणार."

आणि तिने तो घास तोंडात घातला. आर्डिस बघत राहिली. मग जिना चढून गेली.

माझ्या मते धीर म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं. तो भुकेत नव्हता. त्या पावाच्या घासात होता.

वसंतात लायलॅकची जांभळी झुडपं फुलली तेव्हा दांडी दोनशे तेराला तरंगली. अंगावर कपडे, पोटात जेवण, पोटात पाणी. शहरात पुन्हा रक्त तपासलं. सगळे आकडे स्वच्छ. तारीख ठरली.

ती तारीख आज आहे.

आर्डिसला रुग्णालयात जाऊ दिलेलं नाही. तिला सर्दी झालीय, आणि नवी किडनी बसवलेल्या माणसाजवळ शिंकणाऱ्या बाईला कुणी फिरकू देत नाही. घरात तिच्याने राहवलं नाही, म्हणून सकाळपासून इथे तळघरात येरझाऱ्या घालतेय. कॉर्लिस सोबतीला आहे. फोन टेबलावर आहे. दोघी त्याच्याकडे असं बघतायत, जसं एरवी माझ्या दांडीकडे बघतात.

"काहीतरी खा गं," कॉर्लिसने दोनदा सांगितलं. "मधुमेह आहे तुला."

"घशाखाली उतरत नाही."

शेवटी तिचे पाय थकले. खुर्च्या पलीकडच्या भिंतीशी रचलेल्या होत्या. आर्डिस मटकन खाली बसली, माझ्या पायरीवर. माझ्यावर आजवर गाव उभं राहिलं, पण बसलं कुणी नव्हतं. दांडी खट्कन वर जाऊन टेकली. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

"मी तिला सुकवलं," आर्डिस म्हणाली. नाक ओढलं. सर्दीचं की कशाचं, सांगता येत नाही. "त्याला वाचवायला निघाले आणि जिच्यात त्याचा जीव होता, तिलाच सुकवलं."

"हो," कॉर्लिस म्हणाली. मैत्रीण म्हणून तिने खोटं बोलायचं टाळलं, याचं मला बरं वाटलं.

मग फोन वाजला. टेबलाजवळ कॉर्लिस होती, म्हणून तिने उचलला, पण तिला नीट ऐकू येईना, तेव्हा आर्डिसनेच तो ओढून घेतला. पलीकडे डुएनची बायको होती. आर्डिस ऐकत राहिली. "हं," म्हणाली. "ब्रिटा? शुद्धीवर? काय मागतेय? पाणी? दे की मग तिला! डॉक्टरांना विचार आणि दे!" पुन्हा ऐकत राहिली. आणि मग साठी उलटलेली, असले शब्द आयुष्यात कधी तोंडाबाहेर न काढलेली ही बाई छताकडे तोंड करून ओरडली,

"लघवी झाली! कॉर्लिस, त्याला लघवी झाली! ऑपरेशनच्या टेबलावरच, किडनी बसवल्या बसवल्या! पिशवी भरली म्हणे!"

"काय झाली?"

"लघवी!"

"देवाची कृपा," कॉर्लिस म्हणाली आणि रडायला लागली.

आता दोघीही शांत झाल्यात. कॉर्लिसने स्वयंपाकघरातून पावाचे दोन तुकडे आणि चीज आणलंय. आर्डिस अजून माझ्यावरच बसलीय आणि जेवतेय. सावकाश, एकेक घास. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या रंग उडालेल्या पत्र्यावर पडतंय. तिचं आत्ताचं वजन मला ठाऊक आहे, पण ते तिने विचारलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

तुम्ही जिना उतरून येणार असाल, तर थोडं थांबा. आपला आकडा कितीचा, कुणाचा, कशासाठी, हे सगळं उद्या विचारा. मी इथेच आहे. आत्ता तिला बसू द्या.